सोलापुरातल्या छोट्या उद्योजकांसाठी: व्यावसायिक ओळखी जोडण्याचा आणि टिकवण्याचा क्रम

टॉवेलचा एक फोटो, खाली मोबाइल नंबर आणि ‘होलसेल दरात मिळेल’ एवढी ओळ. असा मेसेज रोज दहा-पंधरा ग्रुपवर पडतो आणि महिना सरला तरी कामाचा एक फोन येत नाही. मग एखाद्या मेळाव्यात मूठभर कार्डे वाटली जातात. त्यातूनही हाती काही लागत नाही. माल चांगला असतो, मेहनतही असते, पण क्रम चुकलेला असतो. तयारीआधी भेट, भेटीआधी जाहिरात, आणि समोरच्याची पारख होण्याआधी उधारी. हा उलटा क्रम सरळ करायचा, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

यंत्रमागावर टॉवेल-चादर काढणारे, शाळांचे गणवेश शिवणारे, शेंगा चटणी किंवा कडक भाकरी करणारे घरगुती उद्योग, छपाई आणि पॅकिंगवाले, म्हणजे जे दुसऱ्या व्यावसायिकाला माल किंवा सेवा देतात, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. फक्त काउंटरवर किरकोळ विक्री असेल तर टप्पा २ आणि ८ तेवढे वाचावेत. पहिल्या तीन टप्प्यांना रोजचे काम सांभाळून दोन ते तीन आठवडे लागतात. ते गाळून थेट चौथ्यावर उडी मारू नका.

## टप्पा १: मालाची माहिती एका पानावर आणा

ओळख झाल्यावर पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात: नेमके काय करता, किती करू शकता, भाव काय. यांची उत्तरे जिभेवर नसतील तर समोरचा माणूस तुम्हाला नवखा समजतो, आणि हे मत पुढे सहसा बदलत नाही.

मालाचे माप लिहा. ‘चांगल्या क्वालिटीचा टॉवेल’ या शब्दांवर खरेदीदार दर ठरवू शकत नाही. साइझ, वजन, जीएसएम, रंग आणि पॅकिंग लिहा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. ३०×६० इंची टॉवेल म्हणजे सुमारे १.१६ चौरस मीटर, म्हणून ४५० जीएसएमचा नग साधारण ५२० ग्रॅम भरायला हवा. छापील जीएसएम आणि काट्यावरचे वजन जुळत नसेल तर मुंबई-हैदराबादचा खरेदीदार पहिल्याच नमुन्याला ते पकडतो. माप धुण्याआधीचे की नंतरचे तेही लिहा, कारण टेरी टॉवेल पहिल्या धुण्यात आटतो आणि निम्मी भांडणे तिथून सुरू होतात.

गणवेशवाल्यांनी साइझचा तक्ता द्यावा: शर्टाची छाती २२ पासून ४० पर्यंत, दोन-दोन इंचांनी. कापडाचे मिश्रण, बटण, खिशावरचा लोगो भरतकामाचा की छापील, हे सगळे त्याच पानावर. चटणीवाल्यांनी पाकिटाचे वजन, किती दिवस टिकते आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ अंकी क्रमांक लिहावा. तो क्रमांक पाकिटावर नसेल तर चांगला दुकानदार माल ठेवून घेणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

क्षमता खरी सांगा. यासाठी सरासरी काढू नका. गेल्या तीन महिन्यांतला सर्वांत मंद आठवडा घ्या, म्हणजे कामगार सुट्टीवर, वीज गेलेली, सूत उशिरा आलेले असा. त्या आठवड्यात जेवढे नग निघाले तोच आकडा पानावर जातो. चांगल्या आठवड्याचा आकडा सांगितला की पहिलीच मोठी ऑर्डर उशिरा जाते, आणि उशिराची बातमी बाजारात मालापेक्षा आधी पोचते.

दराच्या तीन पायऱ्या ठेवा. उदाहरणार्थ ५० नगांपर्यंत, ५० ते ५००, आणि ५०० च्या वर. जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, आणि माल सोलापुरातून उचलायचा की ट्रान्सपोर्टने पोचवायचा, हे प्रत्येक दराशेजारी लिहा. ट्रान्सपोर्टला ‘पेड’ (भाडे पाठवणाऱ्याने भरायचे) की ‘टू-पे’ (माल घेणाऱ्याने भरायचे) हे न ठरवल्यामुळे भाड्यावरून वाद होतो, आणि चार-पाचशे रुपयांसाठी चांगले गिऱ्हाईक जाते.

कागद गोळा करा. उद्यम नोंदणीचे (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) प्रमाणपत्र, जीएसटी असल्यास त्याचा क्रमांक, बँक खात्याचा रद्द केलेला चेक. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर मोफत होते. तिचे पैसे मागणाऱ्या खासगी वेबसाइट दिसायला हुबेहूब सरकारी असतात, त्यांच्यापासून सावध राहा. टप्पा ९ मध्ये ही नोंदणी तुमची उधारी वाचवणार आहे, म्हणून ती ‘नंतर करू’ असे म्हणू नका.

> तपासा: हे पान तुमच्या धंद्यातल्या नसलेल्या नातेवाइकाला द्या. दोन मिनिटांनी त्याला विचारा, ‘काय विकतो, किती देऊ शकतो, कितीला?’ त्याला तिन्ही सांगता आले नाही तर पान पुन्हा लिहा.

## टप्पा २: फोन आणि नकाशा नीट करा

धंद्यासाठी वेगळे सिमकार्ड घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. घरच्या नंबरवर धंदा चालवला तर पुतण्याच्या वाढदिवसाचे स्टेटस आणि सुताचे भाव एकाच रांगेत दिसतात. प्रोफाइलमध्ये पत्ता, वेळ आणि एका ओळीत कामाचे वर्णन भरा. कॅटलॉगमध्ये शेकडो वस्तू टाकायची मुभा असली तरी सुरुवातीला १० ते १५ पुरेत: ज्या कायम तयार असतात आणि ज्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर काढलेले आहेत. एक फोटो वजनकाट्यावर ठेवलेल्या नगाचाही असू द्या. खरेदीदार तोच आधी मोठा करून पाहतो.

लेबले चारच करा: ‘नवीन ओळख’, ‘नमुना दिला’, ‘व्यवहार सुरू’, ‘पैसे येणे’. ॲप जास्त लेबले देते, पण दहा लेबले केलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात एकही वापरत नाही.

नंतर गुगल बिझनेस प्रोफाइल. नाव दुकानाच्या पाटीवर आहे तेच लिहा. नावापुढे ‘बेस्ट टॉवेल होलसेलर सोलापूर’ असे शब्द जोडणे गुगलच्या नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी प्रोफाइल बंद पडू शकते. पडताळणीसाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. तो न थांबवता एकाच दमात काढा: आधी रस्ता आणि शेजारची ओळखीची खूण, मग पाटी, मग कुलूप उघडून आत, मग यंत्रे किंवा माल. तुकडे जोडलेला व्हिडिओ चालत नाही.

पेठेतल्या गल्लीबोळांत नकाशावरची खूण बहुधा चुकीच्या दारात पडते. ती स्वतः हलवून नेमक्या दारावर आणा आणि ट्रान्सपोर्टच्या टेम्पोवाल्याला दाखवून खात्री करा.

## टप्पा ३: कोणाशी ओळख हवी, त्यांची यादी

‘सगळ्यांशी’ हे उत्तर नाही. वहीत किंवा शीटमध्ये ३० नावे लिहा, त्याहून जास्त नको. चार गट पाडा.

पहिला गट थेट खरेदीदारांचा: चाटी गल्ली, नवी पेठेतले कापड व्यापारी, शाळा, लॉज आणि मंगल कार्यालये, किराणा-फरसाणची दुकाने. दुसरा पुरवठादारांचा: सूत, कापड, बटण, पिशव्या, खोके. तिसरा अशा लोकांचा, जे तुमच्याच गिऱ्हाइकाला दुसरी वस्तू विकतात. गणवेश शिवणाऱ्यासाठी दप्तर, बूट आणि वह्या विकणारा माणूस हा सोन्यासारखा संबंध आहे, कारण त्याला शाळेत केव्हा काय लागते ते आधी कळते. लग्नाच्या आहेराचे टॉवेल-टोपी पुरवणाऱ्यासाठी पत्रिका छापणारा तसाच.

चौथा गट लोक टाळतात: तुमच्याच धंद्यातले दोन-तीन जण. ज्याच्याकडे वीस मशिने आहेत त्याच्या हातून सुटणारी छोटी ऑर्डर तुमच्याकडे येऊ शकते, आणि तुमच्या आवाक्याबाहेरची त्याच्याकडे जाऊ शकते. जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या ऑर्डरचे काम करून देणे, असेच फिरते. एमआयडीसीत हे नवीन नाही. घरगुती उद्योगांत मात्र अजून एकमेकांकडे संशयाने पाहतात, आणि त्यात दोघांचेही नुकसान होते.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: खरेदीचा निर्णय खरोखर कोण घेतो, त्याचा हंगाम कधी, आणि तुमच्या ओळखीतले कोण त्याला ओळखते. शाळेत निर्णय संस्थेचे सचिव घेतात, पण कोटेशन कधी मागवणार हे लिपिकाला माहीत असते. दुकानात मालकापेक्षा मुनीम जास्त सांगू शकतो. त्यांची नावे आदराने लिहून ठेवा.

> इशारा: हंगाम चुकला की उत्तम ओळखही फुकट जाते. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून गणवेशाचे नमुने डिसेंबर-जानेवारीत दाखवावे लागतात. मे महिन्यात शाळेत जाणाऱ्याला फक्त ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकायला मिळते. आहेराचा माल लग्नसराईच्या दोन महिने आधी, चादरींचा दिवाळीच्या आधी पितृपक्षापूर्वी दाखवून झालेला असावा.

## टप्पा ४: प्रत्यक्ष भेट

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे सावकाश.

वेळ. बोहनी व्हायच्या आधी गल्ल्यापुढे उभे राहू नका. संध्याकाळी गर्दी असते. कापड बाजारात दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी: ऊन असते, गिऱ्हाईक कमी असते आणि मालकाला बोलायला सवड असते. शाळेत मधल्या सुट्टीनंतर जा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, त्या दिवसांत अर्धे शहर कामात किंवा दर्शनात असते. तेव्हा भेटी ठेवू नका, खाद्यपदार्थवाल्यांनी तर मुळीच नाही.

ओळखीचा धागा. अनोळखी दुकानात थेट जाण्यापेक्षा टप्पा ३ मधल्या तिसऱ्या रकान्यातल्या माणसाला फोन करा. त्याला ‘माझी ओळख करून द्या’ असे मोघम सांगू नका. ‘तुमचे नाव सांगून गुरुवारी त्यांच्याकडे गेलो तर चालेल का?’ असे विचारा. त्याने होकार दिला तरच नाव घ्या. न विचारता कोणाचे नाव घेतले आणि ते दुकानदाराने फोनवर तपासले, तर दोन दारे एकदम बंद होतात.

बोलणे. पहिल्या भेटीचा हेतू ऑर्डर घेणे हा नसतो. त्यांना सध्या काय अडते ते समजून घेणे एवढाच असतो. पाच मिनिटे पुरतात:

१. नाव, काम, कोणी पाठवले. तीन वाक्ये.
२. एक प्रश्न: ‘सध्या हा माल येतो त्यात कशाची अडचण येते?’
३. गप्प राहून ऐकणे. उत्तरात उशीर, रंगाच्या शेडमधला फरक, कमी भरलेला नग, बिल वेळेवर न येणे असे काहीतरी येतेच.
४. त्याला लागू पडेल असा एकच नमुना हातात देणे. पिशवी उपडी करू नका.
५. ‘दर आणि माहिती उद्या दुपारपर्यंत पाठवतो’ असा वेळ ठरवलेला शब्द देऊन उठणे.

त्या शेवटच्या ओळीवर सगळे अवलंबून आहे. तुमच्या मालाची पारख व्हायला महिने लागतील. तुमच्या शब्दाची पारख मात्र उद्या दुपारीच होते.

भाषा. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरे आहेत, अक्कलकोटकडचे आणि विजयपूर-कलबुर्गीचे व्यापारी कन्नड बोलतात, आणि बाजारात हिंदी-उर्दूही चालते. व्यवहार मराठी-हिंदीत होतो, पण ‘बागुन्नारा’ किंवा ‘आराम अदीरी’ एवढी विचारपूस त्यांच्या भाषेत केली तर माणूस मोकळा होतो. वयाने मोठ्यांना ‘अण्णा’, ‘मालक’, ‘काका’, बाईमाणसाला ‘ताई’ किंवा ‘अक्का’. पहिल्याच भेटीत ‘भाई’ किंवा नुसते नाव नको. दराची आणि तारखेची गोष्ट मात्र ज्या भाषेत दोघांनाही आकडे पक्के कळतात त्याच भाषेत बोला, आणि नंतर लिहून पाठवा.

मेळावे आणि संस्था. चेंबर ऑफ कॉमर्स, यंत्रमागधारक आणि रेडिमेड उत्पादकांचे संघ, रोटरी-लायन्स, बचत गटांची प्रदर्शने, जिल्हा उद्योग केंद्राच्या कार्यशाळा: यांतली एकच निवडा आणि तिथे वर्षभर नियमित जा. पाच ठिकाणी एकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहा वेळा जाण्याने माणसे लक्षात ठेवतात. बीएनआयसारख्या, व्यावसायिकांनी एकमेकांना कामे मिळवून देणाऱ्या संस्थेत वर्गणी मोठी असते, दर आठवड्याला हजेरी लागते आणि एका चॅप्टरमध्ये (स्थानिक गटात) एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात. तिथे पैसे भरण्याआधी पाहुणा म्हणून बसा आणि सदस्यांची यादी पाहा. तुमच्या टप्पा ३ च्या यादीतल्या गटांपैकी किमान पाच-सहा धंदे तिथे नसतील तर थांबा. टॉवेल कारखानदाराला हॉटेलवाले आणि कार्यालयवाले हवेत. विमा एजंटांनी भरलेली खोली त्याच्या उपयोगाची नाही.

कार्यक्रमात कार्डे वाटत फिरू नका. तीन माणसांशी नीट बोला. प्रत्येकाच्या कार्डामागे तिथल्या तिथे दोन शब्द लिहा: ‘लॉज, २० खोल्या, पांढरे टॉवेल, धोब्याची तक्रार’. हे न लिहिलेले कार्ड चार दिवसांनी निव्वळ कागद असतो.

> तपासा: भेटीनंतर दुकानाबाहेर पडताच स्वतःला विचारा, ‘त्यांची एक अडचण मला कळली का?’ नाही कळली, तर तुम्हीच जास्त बोललात.

## टप्पा ५: चोवीस तासांतला मेसेज

भेटीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकच मेसेज जातो. त्यात चार गोष्टी: कुठे भेटलो, कशावर बोललो, कबूल केलेली वस्तू, पुढचे पाऊल. नमुना असा:

‘नमस्कार मालक. काल दुपारी चाटी गल्लीत तुमच्या दुकानी भेटलो. पांढऱ्या टॉवेलचा नग कमी वजनाचा येतो असं तुम्ही म्हणालात. आमच्या ३०×६० चं वजन ५२० ग्रॅम, काट्यावरचा फोटो आणि तिन्ही दर सोबत पाठवतो. गुरुवारी त्या बाजूला येणार आहे, चार वेगवेगळ्या लॉटमधले (वेगवेगळ्या वेळी काढलेल्या मालातले) चार नग आणून देऊ का? तुमच्याकडेच वजन करून बघा.’

यात कॅटलॉगची लिंक नाही, गुलाबाचे फूल नाही, सुप्रभात नाही. उत्तर आले नाही तर पाचव्या दिवशी एक फोन, पंधराव्या दिवशी काहीतरी नवीन सांगण्यासारखे असेल तरच दुसरा मेसेज. त्यानंतर पुढच्या हंगामापर्यंत थांबा. ‘काय झालं साहेब?’ असे रोज विचारणाऱ्याचा नंबर म्यूट होतो, आणि म्यूट झालेला नंबर पुन्हा उघडला जात नाही.

> इशारा: नंबर सेव्ह करताना नाव, गाव, धंदा आणि भेटीचा महिना लिहा. नुसते ‘टॉवेल पार्टी २’ लिहिले तर पुढच्या दिवाळीत फोन कोणाला लावायचा तेच कळत नाही.

## टप्पा ६: पारख आणि पहिला छोटा व्यवहार

इथे घाई करणारा माणूस पुढे वर्षभर पैसे मागत फिरतो.

आधी कागद तपासा. नव्या खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये टाका. क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. हैदराबादचा व्यापारी म्हणवतो आणि क्रमांक २७ ने सुरू होतो, तर कारण विचारा. शाखा असू शकते, पण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पोर्टलवर नोंदणी ‘ॲक्टिव्ह’ आहे का आणि विवरणपत्रे वेळेवर भरलेली दिसतात का, तेही पाहा. विवरणपत्रे थकवणारा माणूस बिलेही थकवतो, हे बहुतेक वेळा खरे ठरते.

त्यानंतर त्याला सध्या माल देणाऱ्या दोघांना फोन करा. ‘माणूस कसा आहे?’ असे विचारल्यास ‘चांगला आहे’ एवढेच ऐकायला मिळते. ‘बिल दिल्यापासून साधारण किती दिवसांत पैसे येतात?’ असे विचारा, आकडा मिळेल.

नमुना दोघांच्या सहीचा ठेवा. मान्य झालेल्या मालाचे दोन सारखे नग घ्या, दोन्हींवर तारीख आणि सही, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. पुढे ‘असा माल ठरला नव्हता’ असे कोणी म्हणाले तर बोलायचे काम नमुना करतो. गणवेशात हे फारच गरजेचे आहे. कापडाचा रंगाई-लॉट बदलला की शेड बदलते, आणि एकाच वर्गात दोन निळे दिसले की पालक शाळेकडे आणि शाळा तुमच्याकडे येते. लॉटचा क्रमांक बिलावर लिहा आणि एका शाळेचे सगळे कापड एकाच लॉटमधून उचला. वाढीव मुलांसाठी पाच-सात टक्के जादा कापड त्याच वेळी घेऊन ठेवा.

पहिली ऑर्डर मुद्दाम छोटी घ्या. ५० ते १०० नग. समोरचा थेट हजारांची गोष्ट करत असला तरी ‘आधी शंभर पाहा, मग वाढवू’ असे म्हणा. पैसे निम्मे आगाऊ, निम्मे माल उचलताना. नाते जुळण्याआधी उधारी देणे म्हणजे मोठे मन असे समजले जाते, प्रत्यक्षात त्यामुळे नातेच बिघडते, कारण मागायला संकोच वाटतो आणि द्यायला घाई नसते.

हे पाच मुद्दे व्हॉट्सॲपवर लिहून त्यांचा ‘ठीक आहे’ घ्या:

- नग, साइझ, रंग, वजन आणि नमुन्याची तारीख
- दर, जीएसटी धरून की वेगळा
- माल तयार होण्याची तारीख, आणि ट्रान्सपोर्ट कोणाचे
- पैसे कधी, कोणत्या खात्यात
- तक्रार असेल तर माल पोचल्यापासून किती दिवसांत (७ दिवस पुरेसे)

माल बांधताना नग दोन माणसांनी मोजावेत आणि गठ्ठ्याचा फोटो बिल्टीसह (ट्रान्सपोर्टच्या पावतीसह) त्याच दिवशी पाठवावा. उशीर होणार असे दिसले तर तारखेच्या दोन दिवस आधी कळवा. आधी कळवलेला उशीर बहुतेक व्यापारी सांभाळून घेतात, तारीख उलटल्यावर दिलेले कारण कोणी ऐकत नाही.

> इशारा: खरेदी-विक्रीच्या पोर्टलवरून येणाऱ्या ‘मोठ्या ऑर्डर’मध्ये दोन फसवणुका नेहमीच्या आहेत. एक, ‘व्हेंडर नोंदणी शुल्क भरा, मग ऑर्डर’. दुसरी, ‘आगाऊ पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तासाभराचा उशीरही महाग पडतो.

## टप्पा ७: ऑनलाइन ओळख टिकवणे

आता कुठे ग्रुप आणि ब्रॉडकास्टची वेळ आली.

ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवणे. त्याच्या एका यादीत २५६ पर्यंत नावे बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या व्यवहारानंतर ‘माझा नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन लॉट आला की कळवीन’ असे तोंडी सांगा. महिन्यातून दोन वेळा, त्याहून जास्त नाही. मजकूर कामाचा हवा: नवीन रंग, सुताचा भाव बदलल्याने दर कधीपासून बदलतो, सुट्टीमुळे डिलिव्हरी कोणत्या दिवशी नाही.

दुसऱ्यांच्या ग्रुपवर जाहिरात टाकण्याऐवजी तिथे विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्या. ‘लोगो भरतकाम कोण करतं?’ असे कोणी विचारले आणि तुम्हाला माहीत असेल, तर सांगा, त्यात तुमचा धंदा नसला तरी. वर्षभर असे करणाऱ्याचे नाव ग्रुपमधल्यांच्या तोंडी असते. ग्रुपमधून नंबर उचलून सगळ्यांना सरसकट मेसेज पाठवू नका. लोक रिपोर्ट करतात आणि व्हॉट्सॲप नंबर बंद करू शकते. धंद्याचा नंबर गेला तर यादीही गेली, म्हणून संपर्कांची एक प्रत दरमहा वेगळी ठेवा.

इंडियामार्टसारख्या पोर्टलवर बाहेरगावच्या चौकश्या येतात, पण एकच चौकशी अनेक विक्रेत्यांना जाते. पहिल्या तासात, नेमके वजन-माप आणि दर सांगून उत्तर देणाऱ्यालाच तिथे अर्थ आहे. ते जमणार नसेल तर पैसे देऊन पॅकेज घेऊ नका. लिंक्डइन मुंबई-पुण्याच्या हॉटेल आणि हॉस्पिटलच्या खरेदी विभागापर्यंत पोचायला उपयोगी पडते. चटणीवाल्यांनी त्यात वेळ घालवण्यापेक्षा इन्स्टाग्रामवर पाकिटबंदीचा रोजचा व्हिडिओ टाकणे बरे.

टॉवेल आणि चादरींना एक जादा गोष्ट लागू आहे: सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या गावच्या मालाची कायदेशीर ओळख आहे. ते चिन्ह लावायचे तर स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. बाहेरून आणलेल्या मालावर ‘सोलापुरी’ लिहून विकले आणि ते उघड झाले, तर जोडलेल्या सगळ्या ओळखी एका दिवसात जातात.

## टप्पा ८: शब्द टाकणे

तीन व्यवहार नीट पार पडल्याशिवाय कोणाला ‘माझ्यासाठी शब्द टाका’ म्हणू नका. आणि मागताना नाव घेऊन मागा: ‘तुमच्या मेहुण्यांचं होटगी रोडला कार्यालय आहे ना, त्यांना आमचा एक नमुना दाखवाल का?’ ‘कोणी असेल तर सांगा’ याला कोणीही काही सांगत नाही.

दुसऱ्यासाठी शब्द टाकताना तुम्ही स्वतः त्याच्याकडून माल घेतलेला असावा. काम झाले की ज्याने शब्द टाकला त्याला त्याच दिवशी फोन करून कळवा, काम झाले नाही तरी कळवा. हा फोन बहुतेक जण विसरतात, आणि पुढच्या वेळी तो माणूस शब्द का टाकत नाही याचे नवल करत बसतात. दलालीचा रिवाज असेल तर टक्केवारी आधी बोला. रिवाज नसेल तर पैशाची गोष्ट काढू नका, त्याच्याकडे एक गिऱ्हाईक पाठवा.

## टप्पा ९: उधारी, वसुली आणि यादीतून नाव काढणे

तिसऱ्या-चौथ्या व्यवहारानंतर उधारी द्यायला हरकत नाही. मर्यादा अशी धरा: ती सगळी रक्कम बुडाली तरी कामगारांचा त्या आठवड्याचा पगार थांबता कामा नये. मर्यादा प्रत्येक नावापुढे आकड्यात लिहा. जुने बिल थकलेले असताना नवीन माल द्यायचा नाही, आणि हे पहिल्याच दिवशी हसतमुखाने सांगायचे.

कायदा तुमच्या बाजूला आहे. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक आणि सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीबाहेर थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये त्याचा सीए स्वतःच त्याला आठवण करतो. यासाठी माल देण्याआधी तुमची उद्यम नोंदणी झालेली हवी आणि क्रमांक बिलावर छापलेला हवा. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना या तरतुदीचे संरक्षण मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

मागण्याचा क्रम: मुदतीच्या तीन दिवस आधी बिलाच्या फोटोसह साधी आठवण. मुदतीच्या दिवशी फोन. सातव्या दिवशी प्रत्यक्ष भेट, एकटे, दुकानात गिऱ्हाईक नसताना. चारचौघांत मागितलेले पैसे मिळतात, पण माणूस तुटतो. भेटीत पूर्ण रक्कम निघत नसेल तर हप्त्यांच्या तारखा लिहून घ्या. दोन तारखा चुकल्या की लेखी नोटीस, आणि तरीही काही हालचाल नसेल तर छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज. तो सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे जातो. बिल, डिलिव्हरी चलन, बिल्टी आणि टप्पा ६ मधला ‘ठीक आहे’ जपून ठेवलेला असेल तरच अर्जात दम राहतो.

दर तीन महिन्यांनी तीस नावांची यादी उघडा. ज्यांनी दोनदा मुदत मोडली, ज्यांच्याशी दोन हंगाम उलटूनही बोलणे पुढे सरकले नाही, ती नावे काढा आणि तेवढीच नवीन घाला. नाव काढले म्हणजे वैर नाही. रस्त्यात भेटले तर चहा घ्यावा. फक्त आठवड्यातले ते दोन तास, जे तुम्ही ओळखींसाठी राखून ठेवले आहेत, त्यांच्यावर खर्च होऊ नयेत.

ते दोन तास कोणते, हेही ठरवा. मंगळवारी एक तास फोन आणि मेसेज, गुरुवारी दुपारी एक तास बाजारात दोन भेटी. ऑर्डरची गडबड असलेल्या आठवड्यात भेटी गेल्या तरी चालतील, मंगळवारचा तास सोडू नका. कबूल केलेले दर, नमुने आणि परतीचे फोन त्याच तासात जातात.